अणुकचऱ्यात करिअर करायचंय, पण आई घाबरते

तुझं पत्र वाचलं. बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, अणुवीज केंद्रातल्या कचऱ्यावर काम करायचंय, पण मैत्रीण म्हणते न्यूक्लियर फिजिक्स नसेल तर एन्ट्रीच नाही, आणि आई म्हणते रेडिएशनने तब्येतीची वाट लागेल.

मैत्रिणीचं आधी बघू. अगं, या कामात पावलोपावली केमिस्ट्रीच लागते. वापरलेलं इंधन रिप्रोसेस केलं, म्हणजे त्यातलं पुन्हा वापरता येणारं युरेनियम, प्लुटोनियम वेगळं काढलं, की जे जहाल लिक्विड उरतं ते आटवून, काचेच्या मिश्रणात साधारण 1100 अंशांना वितळवून स्टीलच्या डब्यांत ओततात, त्याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. काचच का, तर कचऱ्यातली सीझियम, स्ट्रॉन्शियम ही मूलद्रव्यं तिच्या रचनेतच बसतात आणि पाणी लागलं तरी सहजी सुटत नाहीत. त्याच कचऱ्यातलं मॉलिब्डेनम मात्र जास्त झालं की काचेत मुरत नाही, वेगळा पिवळा थर धरतं, आणि त्यावर अजून रिसर्च चालू आहे.

2014 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या विप या अणुकचऱ्याच्या भूमिगत साठ्यात एक ड्रम फुटला. तो कचरा अण्वस्त्रांच्या कामातला होता, वीज केंद्रातला नाही, पण कारण बघ: ओल शोषायला मातीची कॅट लिटर (मांजराच्या शौचपेटीत घालतात ती शोषक भुकटी) घालायच्या ऐवजी गव्हापासून बनवलेली घातली, ती नायट्रेट क्षारांबरोबर रिअ‍ॅक्ट झाली, ड्रम तापला, आणि साठा जवळपास तीन वर्षं बंद. नायट्रेटसारख्या ऑक्सिडायझरजवळ गव्हासारखे सेंद्रिय पदार्थ ठेवू नये हे तर तूही शिकली आहेस ना!

आता आई. त्यांची काळजी खोटी नाही, धोका शून्य आहे असं मी लिहिणार नाही. पण कचऱ्याचा सुमारे 90 टक्के भाग हातमोजे, कपडे, हत्यारं असा कमी तीव्रतेचा असतो, त्यात एकूण रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीच्या 1 टक्का जेमतेम. जहाल माल जाड भिंतींपलीकडून यांत्रिक हातांनी हाताळतात. प्रत्येकाच्या अंगावर डोसिमीटर, म्हणजे मिळालेलं रेडिएशन मोजणारं यंत्र असतं, आणि कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला जास्तीत जास्त 20 मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं एकक) आहे. हे आईला नीट बसून सांग, वाद घालू नकोस.

मास्टर्सला रेडिओकेमिस्ट्री किंवा मटेरियल्स घे. त्याआधी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला साधं, रेडिओअ‍ॅक्टिव्ह नसलेलं सीझियम क्लोराइड सिमेंटच्या ठोकळ्यांत मिसळ, ते पाण्यात ठेव आणि दर आठवड्याला किती सीझियम बाहेर आलं ते मोज. मग थोडी बेंटोनाइट माती मिसळून पुन्हा तेच कर. आकडे आले की मला पाठव, त्यावरून पुढचं ठरवू.