नागपुरात जेवताना : हिंगापासून कढईपर्यंत

सेलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, असताना नागपुरात पहिल्यांदाच येताय ना? मग हॉटेलात 'सेलिॲक' हा शब्द वापरूच नका, कुणाला कळत नाही. 'ग्लुटेन' म्हटलं तर डाएट समजतात. सरळ सांगा : "गहू, मैदा, रवा, कणिक, काहीच चालत नाही. चिमूटभर गेलं तरी आजारी पडतो."

तर्री पोहे बघून सगळे भुलतात. पोहे तांदळाचे, तर्री चण्याची, मग अडचण काय? अडचण हिंगाची. बाजारातल्या बांधानी (पीठ मिसळलेल्या) हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. वरून फरसाण पडतं, त्यात मैद्याची पापडी असू शकते. मी घरून गव्हाशिवायच्या हिंगाची छोटी डबी आणि पोळपाटाला न लागलेली ज्वारीची भाकरी घेऊन निघतो. भाकरी बाहेर मागवली तर त्याच तव्यावर पोळ्या होतात, आणि थापताना कणकेचा हात लागतो.

तळणाचं तर विचारूच नका. पाटोडी बेसनाची, म्हणून मी एका टपरीवर बिनधास्त खाल्ली. खाऊन झाल्यावर बघतो तर त्याच कढईत समोसे फेसाळत होते! पुढचे दोन दिवस खोलीतच गेले.

सावजीत जायचंच असेल तर गर्दीच्या आधी, साडेअकराला जा. मालकाला मसाल्यात आणि रश्श्यात काय पडतं ते विचारायला वेळ मिळतो. उत्तर अडखळत आलं तर साधा भात आणि दही घ्या, निघा. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असेल तर भारतात त्यात ग्लुटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅमची आहे. हिवाळ्यात आलात तर संत्री मात्र पोटभर खा, बाप्पा.