ग्रीन नदीवर चार दिवसांची कनू-कयाक ट्रिप: बारा जणांच्या ग्रुपचं नियोजन कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डेन्व्हरची चार कुटुंबं, मुलं धरून बारा जण. युटामधल्या ग्रीन नदीवर, लॅबिरिंथ कॅन्यनमध्ये, चार दिवस कनू (लांब, उघडी होडी) आणि कयाक (अरुंद, हलकी होडी) घेऊन जायचंय. बहुतेकांचा अनुभव कोलाडच्या राफ्टिंगपुरता. तयारी कुठून सुरू करावी?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी जागा अगदी योग्य निवडलीत. या टप्प्यात खळखळाट नाही, नदी संथ वाहते. पण कोलाडचा अनुभव इथे फारसा कामाला येणार नाही. तिथे कुंडलिका नदीवर सकाळी वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर दोन-तीन तासांत सगळं आटोपतं आणि मागे बसलेला गाइड ओरडून सांगतो तसं वल्हं मारायचं असतं. इथे रुबी रँचवरून होडी पाण्यात गेली की मिनरल बॉटमपर्यंत 72 किलोमीटर तुमचे तुम्ही. वाटेत दुकान नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही आणि कंटाळा आला म्हणून गाडी बोलवावी असा धड रस्ताही नाही. म्हणून जे काही ठरवायचं ते घरी बसून ठरवा. नदीवर बारा जणांची बैठक भरवायला वेळ नसतो.

आधी महिना ठरवा. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरची सुरुवात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते. एखाद्या भरल्या वर्षी प्रवाह 20 हजार क्युसेकच्या वर जातो. तेव्हा तंबू लावायचे वाळूचे पट्टे पाण्याखाली असतात, काठावर टॅमरिस्कच्या झुडपांची भिंत असते आणि पाणी ओसरू लागलं की डास. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये वळवासारख्या सरी येतात आणि कोरड्या घळींतून अचानक लोंढे उतरतात. सप्टेंबरपर्यंत वाळू उघडी पडलेली असते, त्यामुळे मुक्कामाला जागा भरपूर. रात्री मात्र चांगलीच थंडी पडते, मुलांच्या स्लीपिंग बॅगमध्ये काटकसर करू नका. आणि कुठल्याही महिन्यात घळीच्या तोंडाशी तंबू लावू नका, आभाळ कितीही निरभ्र दिसलं तरी.

रोज किती अंतर जायचं हे तुमच्यातल्या सगळ्यात सावकाश होडीवरून ठरवा. पहिल्या दिवशी गाड्या लावणं, सामान बांधणं यात दुपार होते, तेव्हा 11 किलोमीटर पुरे. ट्रिन अल्कोव्हपाशी मुक्काम. दुसऱ्या दिवशी 22, स्प्रिंग कॅन्यनच्या आसपास. तिसऱ्या दिवशी 18 आणि शेवटच्या दिवशी 21. तिसऱ्या दिवशी बो-नॉट बेंड लागतं. तिथे नदी 11-12 किलोमीटरचा वळसा घालून जवळजवळ त्याच जागी परत येते. मधल्या खिंडीवर चढून गेलात की दोन्ही बाजूंना तीच नदी दिसते. अमेरिकन संशोधक जॉन वेस्ली पॉवेल 1869 मध्ये होड्या घेऊन इथूनच गेला होता. मिनरल बॉटमच्या पाचेक किलोमीटर आधी हेल रोअरिंग कॅन्यन आहे, तिथे डेनिस ज्युलियन नावाच्या, फरसाठी प्राणी पकडणाऱ्या शिकाऱ्याने 1836 साली दगडावर कोरलेलं नाव आहे. ते बघायला थांबाच, पण हात लावू नका.

दुपारनंतर कॅन्यनमध्ये बहुधा प्रवाहाच्या उलट वारा सुटतो. हलकी कनू तेव्हा पुढे जायचं नावच घेत नाही. सकाळी लवकर निघून जेवणापर्यंत दिवसाचं बरंचसं अंतर कापायचं, हा यावरचा खरा उपाय. जड सामान होडीत तळाशी आणि मध्यावर ठेवा, सगळं पट्ट्यांनी बांधा. मुक्कामाला पोचल्यावर रिकामी कनू काठापासून लांब ओढून पालथी घाला आणि बांधून ठेवा. वाऱ्याने उडालेली होडी रात्री नदीत गेली तर शोधायला कोण जाणार?

बारा जणांना दोघांच्या पाच कनू आणि एकट्याच्या दोन कयाक हे गणित बरं बसतं. कयाक भरभर पळतात, त्यामुळे कयाकवाले पुढे आणि लेकुरवाळी कनू मैलभर मागे, असं चित्र तासाभरात तयार होतं. नियम करा: एक होडी कायम पुढे, एक कायम शेवटी, आणि प्रत्येकाला मागची होडी दिसलीच पाहिजे. वळणावर ती दिसेनाशी झाली तर थांबायचं. पाण्यावर असताना एकाच माणसाचं ऐकायचं, हेही आधीच ठरवून टाका. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही अंगात घालूनच बसायचं. जादा वल्ही घ्या. सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) भाड्याने मिळतो. तो वापरता येणारे किमान दोघं हवेत.

आता पाणी. माणशी रोजचे 4 लिटर धरा. बारा जण, चार दिवस, म्हणजे 192 लिटर, तितकेच किलो. पाच कनूंमध्ये ते सारखं वाटून घ्या. प्यायचं सगळं पाणी घरूनच न्यावं असं मी सांगेन. भांडी-अंघोळीला आणि अडीअडचणीला नदी आहेच, पण ती गढूळ असते, इतकी की फिल्टर लगेच गाळाने तुंबतो. इथे आपल्या घरातली तुरटी कामाला येते आणि अमेरिकन नदीवालेही हेच करतात. संध्याकाळी 20 लिटरची बादली भरा, चमचाभर तुरटीची पूड टाकून ढवळा आणि झाकून ठेवा. सकाळी तळाशी बोटभर गाळ बसलेला असतो आणि वरचं पाणी नितळ. बादली न हलवता भांड्याने वरचं पाणी काढून घ्या. प्यायची वेळ आलीच तर ते पाणी फिल्टर करून उकळा.

शौचालयाबद्दल मोकळेपणाने बोलून घ्या, कारण ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त संकोच याचाच असतो आणि संकोचापायी काही जण पाणीच कमी पितात. वाळवंटात ते धोक्याचं. बरोबर नेता येणारं शौचालय इथे सक्तीचं आहे. मैला डब्यात भरून परत आणायचा. लघवी नदीत करायची, वाळूत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कोरड्या वाळूत वास महिनोन्‌महिने राहतो. मुक्कामाला पोचल्यावर तंबूंच्या आधी शौचालय लावा, झुडपांच्या आड. वाटेच्या तोंडाशी एक वल्हं रोवा आणि टॉयलेट पेपरचा डबा तिथे ठेवा. जाणाऱ्याने तो बरोबर न्यायचा. डबा जाग्यावर असेल तर आत कोणी नाही. एवढ्या साध्या युक्तीने बायका आणि मुलं दोघंही निर्धास्त होतात.

जेवणात फार अडकू नका. दोन शीतपेट्या घ्या, शेवटच्या दोन दिवसांची चिकटपट्टी लावून बंद ठेवा. भाजणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ आणि कोरडी चटणी यांना बर्फ लागत नाही. शेकोटी लोखंडी परातीतच पेटवायची आणि राखही परत आणायची, हाही नियम आहे. काठावरचा चिखल कधीकधी गुडघाभर असतो, तेव्हा पट्ट्याच्या सँडल घाला आणि रांग लावून सामान हातोहात उतरवा.

परवाना लागतो, मोफत आहे, आणि ग्रुप 25 जणांपर्यंत चालतो. रुबी रँच खासगी जागा आहे, तिथे होडी उतरवायचे वेगळे पैसे पडतात. होड्या, शौचालय, परात आणि गाडीने ने-आण हे सगळं मोॲब गावात भाड्याने मिळतं. एकाच ठिकाणाहून घेतलंत तर धावपळ वाचेल. मिनरल बॉटमचा रस्ता कच्चा, नागमोडी घाटाचा आहे, पाऊस पडला की गाड्या अडकतात. म्हणून एक दिवस जादा रजा आणि दिवसभराचं जादा पाणी-जेवण ठेवा. तिथून पुढे जायचा मोह टाळा: पुढे राष्ट्रीय उद्यानाचा वेगळा परवाना लागतो आणि कोलोरॅडो नदीशी संगम झाल्यावर कॅटरॅक्ट कॅन्यनचे मोठे रॅपिड्स येतात.

मुलांची वयं किती आणि पोहता न येणारे किती, हे कळवलंत तर कोणाला कोणत्या होडीत बसवावं तेही सुचवतो.