वजन कमी करण्याच्या कॅप्सूल घेऊन खरंच फायदा होतो का?

ऑफिसमधल्या मैत्रिणीचं गार्सिनियाच्या कॅप्सूलने चार किलो उतरलं, म्हणून तुम्हीही दोन महिन्यांचा कोर्स करायचा म्हणताय. नका करू. आधी तिला विचारा, कॅप्सूल सुरू झाल्यापासून ती रात्री काय जेवते?

माझी मोठी जाऊ या कॅप्सूल विकते. २०१९ मध्ये पुतणीचं लग्न डिसेंबरात होतं, तिने ऑगस्टमध्येच माझ्या हातात बाटली ठेवली. साठ कॅप्सूल, १,८५० रुपये, घरातली म्हणून दोनशे कमी. सोबत छापील कागद होता, तो मी अजून जपून ठेवलाय. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एक कॅप्सूल, साखर बंद, रात्री भात-पोळी बंद, रोज ४५ मिनिटं चालणे. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्या कुळातलंच झाड. माझ्या माहेरी सावंतवाडीहून आमसुलं येतात, त्यामुळे मला वाटलं, घरचीच वस्तू, हिने काय अपाय होणार!

मी सगळं पाळलं. आम्ही माहीमला राहतो. पहाटे साडेपाचला शिवाजी पार्क गाठायचं. कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी, अशा चार फेऱ्या. सव्वासातला डबे तयार हवेत म्हणून शेवटची फेरी जवळजवळ पळतच. पावसात भिजलेले शूज रात्रभर पंख्याखाली वाळवायचे. रात्री सगळ्यांना वरण-भात वाढून स्वतः मुगाचं कढण प्यायचं. चार महिन्यांत साडेसहा किलो उतरलं.

आणि लग्नाच्या हॉलमध्ये जाऊ मला हाताला धरून एकेकीसमोर उभी करत होती. "बघा, आमच्या प्रॉडक्टचा रिझल्ट!" मी गप्प बसले. ते अजून सलतं.

लग्नानंतर महिनाभरात मला अन्न जाईना, सारखी मळमळ. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, १४८, नेहमीपेक्षा बराच जास्त. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "बाहेरचं काय घेता?" बाटली दाखवली: गार्सिनिया आणि ग्रीन टीचा अर्क. दोन्हींमुळे काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कढीतली चार आमसुलं वेगळी आणि रोज पोटात जाणारा अर्क वेगळा, हे मला तेव्हा कळलं. कॅप्सूल बंद केल्यावर सहा आठवड्यांत रिपोर्ट नॉर्मल. जाऊ म्हणते, "तुझं लिव्हर आधीचंच खराब असणार."

मग मी शोधून वाचलं. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार, काहींना गार्सिनिया, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती गोळी. गार्सिनियावाल्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसत्या गोळीवाल्यांचं ४.१. म्हणजे जे काही उतरलं ते आहाराने.

बाटलीवरच्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या, नंबरवर जाऊ नका. तो परवाना आहे, वजन उतरण्याची हमी नव्हे. बिनलेबलची 'हर्बल' पावडर तर हातातही धरू नका. सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालं, तरी जगभर अशा मालात त्याची भेसळ सापडत आली आहे.

हो, ऑर्लिस्टॅटच्या गोळ्या किंवा वजन उतरवायची हल्लीची इंजेक्शनं ही गोष्ट वेगळी. ती औषधं आहेत, त्यांचा परिणाम होतो, पण डॉक्टर सांगतील तरच घ्यायची. थायरॉइड तपासलं नसेल तर तेही तपासून घ्या. आणि माझं एसजीपीटी त्या कॅप्सूलनेच वाढलं, असं डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही.

पण वजनाचं मी छातीठोक सांगते. कॅप्सूल सुटल्या, फेऱ्या चालू राहिल्या. दोन किलो परत आलं, बाकीचं साडेचार आजतागायत उतरलेलंच आहे. यावर जाऊ म्हणते, "सुरुवात तर आमच्या कॅप्सूलनेच झाली ना?" नाही झाली. शूज मी दादरला बाटलीच्या आठ दिवस आधी घेतले होते. त्यांचं बिल त्या कागदालाच टाचून ठेवलंय, तारखेसकट.