"तुम्ही एकादशी करता का?"

पुण्यात समुपदेशनासाठी येणारा पहिला फोन बहुधा फी आणि वेळ विचारण्यासाठी असतो. हडपसरहून फोन केलेल्या काकूंनी यातलं काहीच विचारलं नाही. "मॅडम, तुम्ही एकादशी करता का?" एवढंच.

मी म्हटलं, नाही करत. पण माझ्याकडे येणारे पुष्कळ जण करतात, आणि तुम्ही करत असाल तर त्याबद्दल बोलायला इथे काहीच अडचण नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मग गुरुवारी येते."

(काकूंची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.)

एकादशीच्या जागी दुसरं काहीही असू शकतं. कोणी विचारतं, "आम्ही स्वामींचे, चालेल ना?" कोणी नमाजाच्या वेळा सांभाळून वेळ मागतं. विपश्यनेचं शिबिर करून आलेला एखादा मुलगा आधी चाचपून बघतो, की याला वेडेपणा म्हणणारी बाई तर नाही ना ही. सगळ्यांची धास्ती एकच असते: आपण जिथे सगळ्यात हळवे आहोत, तिथेच समोरचा हसेल. पुण्यात या धास्तीला जरा जास्तच धार आहे. आगरकरांचं हे गाव, दाभोलकरांनी काम केलं तेही हेच, आणि दरवर्षी दोन-दोन पालख्या मुक्कामाला येतात त्याही इथेच. एकाच घरात बाप माळकरी आणि लेक कट्टर नास्तिक, असं मी कितीदा पाहिलंय. त्यामुळे माणसं आधी समोरच्याचा पक्ष विचारून घेतात.

काकूंचे यजमान दिवाळीनंतर हार्ट अटॅकने गेले. दोघंही माळकरी, वर्षानुवर्षं माउलींच्या पालखीसोबत एकाच दिंडीत चालणारे. माझ्याकडे येण्याआधी काकू दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. पहिल्या ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं, "देवाचं आपण जरा बाजूला ठेवू, आधी तुमच्या भावनांवर बोलू." काकू मला म्हणाल्या, "अहो, त्याला बाजूला ठेवलं तर बोलायला उरतं काय माझ्याकडे?" मग एका नातेवाइकाने 'आध्यात्मिक समुपदेशन' करणाऱ्याकडे नेलं. त्याने पत्रिका मांडली, पितृदोष काढला आणि शांतीचा खर्च सांगितला. तिथून परतताना काकूंच्या डोक्यात एवढंच शिल्लक होतं, की हे गेले ते माझ्या घराण्याच्या दोषामुळे. त्यानंतर त्यांची झोप पार गेली.

माझ्या मते यात दुसरी जागा पहिलीपेक्षा वाईट. पहिलीने दार बंद केलं, दुसरीने आत घेऊन दुखावलं. 'श्रद्धा समजून घेणारा' माणूस शोधताना लोक नेमके इथे फसतात, कारण इथली भाषा ओळखीची असते.

काही भेटींनंतर काकूंनी आवाज एकदम खाली आणून सांगितलं, की पहाटे पाचच्या सुमाराला यजमानांचा हरिपाठ ऐकू येतो. अगदी स्वयंपाकघरातून. मुलाला सांगितलं नाही, आधीच्या समुपदेशक बाईंना तर मुळीच नाही. "वेड लागलंय का मला?"

मी आधी प्रश्न विचारले. आवाज काही करायला सांगतो का? दिवसभर येतो का? भीती वाटते की बरं वाटतं? जेवण, झोप, औषधं? आवाज फक्त पहाटे, ओळखीचा, आज्ञा न करणारा, आणि ऐकला की काकूंना रडू येऊन मोकळं वाटायचं. तेव्हा मी त्यांना ड्यूई रीस या डॉक्टरांबद्दल सांगितलं. त्यांनी वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व कधी ना कधी जाणवलं होतं. काहींनी आवाज ऐकला होता, काहींना तो माणूस दिसला होता. आणि बहुतेकांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. "तिकडे तर विठ्ठलही नाही," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

खरी गाठ पुढे होती. काकूंना विठ्ठलाचा राग आला होता. इतकी वर्षं चालले, हे फळ? माळ काढून ठेवावीशी वाटायची, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची. दिंडीतल्या बायका सांगायच्या, "पांडुरंगाच्या पायाशी गेले ते, रडू नका." म्हणजे रडायचीही सोय नाही. देवाने आपल्याला टाकलं, देव शिक्षा करतोय, ही भावना किरकोळ समजू नये. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत इस्पितळात भरती झालेल्या वयस्क रुग्णांवर काम केलं. 2001 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, असा झगडा मनात घेऊन असलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक दिसला. तेव्हा 'देवाचं बाजूला ठेवू' म्हणणारा समुपदेशक दुखणं जिथे आहे तीच जागा तपासायची सोडतो.

मी काकूंना विचारलं, विठोबाशी भांडलेलं तुमच्या परंपरेत चालतं का? यावर त्यांनी मला जनाबाई, नामदेव आणि तुकोबांवर अर्धा तास ऐकवलं. संत कसे रुसले, कसे त्याला वाट्टेल ते बोलले. माझं ज्ञान त्यात शून्यासारखं, आणि ते बरंच झालं. बोलता बोलता त्याच थांबल्या. "म्हणजे मला पण चालेल की." पुढचे काही दिवस सकाळी तसबिरीसमोर उभं राहून त्याला काय काय सुनावलं, ते मी विचारलं नाही. झोप हळूहळू परत आली. पहाटेचा आवाज कमी झाला, तेव्हा मात्र त्यांना त्याचंच वाईट वाटलं. त्यावरही आम्ही पुष्कळ बोललो.

'पांडुरंगाची इच्छा' हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नाही. ते म्हणायचा अधिकार कीर्तनकाराला असेल, मला नाही. यंदा यजमानांशिवाय वारीला जावं का, वर्षश्राद्धाच्या आत चालतं का, हे काकूंनी मला विचारलं, तेव्हा मी त्यांना त्यांच्या दिंडीप्रमुखांकडे पाठवलं. "माउली, येणार तर या," एवढंच ते काकूंना म्हणाले म्हणे. काकू भवानी पेठेतल्या मुक्कामाला गेल्या आणि दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालल्या. पुढे नाही गेल्या. तो निर्णय त्यांचा.

मध्येच औषधाचा एक गोंधळ निस्तरावा लागला. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली कॅप्सूल काकूंनी गुपचूप बंद केली होती. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, हे पुतण्याने सांगितलं होतं. माळ घातलेलं माणूस ते कसं घेणार? डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी दोन मिनिटांत साधी गोळी लिहून दिली. श्रद्धेबद्दल विचारणं हा शिष्टाचाराचा भाग नाही, उपचाराचा आहे, असं मी म्हणते ते यासाठी. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध घेणाऱ्याने निर्जळी उपवास केला, तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. डॉक्टरांनी उपवासाचं विचारलंच नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

मग माणूस शोधायचा कसा? 'तुम्ही देव मानता का' हा प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तरातून फारसं कळत नाही. त्याऐवजी फोनवर असं विचारा: "माझ्या रोजच्या जगण्यात अमुक उपासना आहे, तुम्ही तिच्यासोबत काम कसं कराल?" चांगला समुपदेशक यावर उलट प्रश्न विचारतो: त्यातून तुम्हाला काय मिळतं, अलीकडे काही बदललंय का, तुमची माणसं कोण. डॉक्टरांसाठी क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 च्या सुमाराला अशीच चार अंगांची प्रश्नावली तयार केली: श्रद्धा कोणती, तिचं महत्त्व किती, सोबतीला समाज कोणता, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यायची. जो पहिल्याच भेटीत तुमची श्रद्धा सोडवायला बघतो, तो नको. जो स्वतःचा गुरू, स्वतःची साधना किंवा एखादी शांती सुचवतो, तोही नको. औषध बंद करा म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कोणी सांगितलं, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बेधडक मागा.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, कोणी अमुक धर्माचा आहे किंवा त्याच्या समाजातल्या रूढ धार्मिक समजुतींशी त्याचं जमत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. म्हणजे माळ घातली म्हणून नाही, आणि काढली म्हणूनही नाही.

मात्र काही वेळा श्रद्धेच्या भाषेत आजारच बोलत असतो. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय, कित्येक रात्री झोप नाही आणि आपणच अवतार असल्याची खात्री झाली आहे, एकच मंत्र चुकला या भीतीने शंभरदा म्हटला जातोय आणि घराबाहेर पडता येत नाही, अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ हवा. मी घरच्यांना नेहमी विचारते, त्यांच्याबरोबरचे भक्त काय म्हणतात? "हे आपल्यातलं नाही" असं दिंडीतलेच म्हणत असतील, तर थांबू नका.

दोन-तीन भेटींनंतरही आपलं बोलणं गिळावं लागत असेल, तर समुपदेशक बदला. आम्हाला त्याचं वाईट वाटू नये, हे आमच्या कामातच धरलेलं आहे. फी परवडत नसेल किंवा नुसतं कोणाशी तरी बोलून बघायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.