प्लेटोच्या आदर्श रूपांच्या सिद्धांतात नेमकी अडचण कोणती? ॲरिस्टॉटलने तो खोडून काढला, हे खरे आहे का?

जगातल्या अनेक सदोष वस्तूंमागे प्रत्येक प्रकारचे एकच निर्दोष रूप असते आणि त्याच्यामुळेच त्या वस्तू तशा असतात, असा हा सिद्धांत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ॲरिस्टॉटलने हल्ला केला हे खरे, पण सर्वांत धारदार आक्षेप त्याच्या नावावर जमा करू नयेत. ते प्लेटोनेच 'पार्मेनिडीझ' या संवादात मांडले आहेत, आणि तेही तरुण सॉक्रेटीसला वृद्ध तत्त्वज्ञ पार्मेनिडीझसमोर निरुत्तर करून.

पहिल्या प्रश्नाने मात्र माझी जुनी जखम उघडली. १९८८ साली एम.ए.च्या वर्गात आमच्या सरांनी फळ्यावर खडूने वर्तुळ काढले. त्याची टोके जुळली नाहीत, बोटभर फट राहिली. त्या फटीवर खडू टेकवून सर म्हणाले, "हे सदोष आहे हे तुम्हांला कळते, म्हणजे निर्दोष वर्तुळ तुम्हांला आधीच ठाऊक आहे. ते या जगात नाही, अर्थात ते रूपांच्या जगात आहे." सगळ्यांनी ते उतरवून घेतले. मी विचारले, "सर, ते निर्दोष वर्तुळ स्वतः गोल आहे का?" सर म्हणाले, "अर्थातच." मग मी म्हणाले की युक्लिडच्या पहिल्याच प्रमेयात समभुज त्रिकोण काढायला एकमेकांना छेदणारी दोन समान वर्तुळे लागतात, वर्तुळाचे रूप जर एकच असेल, तर हे दुसरे वर्तुळ कोठून आणायचे? सरांनी डस्टर फिरवला आणि "परीक्षेत असले काही लिहू नका" एवढेच सांगितले. मी लिहिले. गुणांविषयी न बोललेलेच बरे.

पुढे ॲरिस्टॉटलचे 'मेटाफिजिक्स' वाचताना कळले की ही अडचण खुद्द अकादमीत, म्हणजे प्लेटोच्या शाळेत, ठाऊक होती. गणिती वस्तू एकसारख्या आणि अनेक असतात, रूप मात्र प्रत्येकी एकच असते, म्हणून प्लेटोने गणिती वस्तूंना इंद्रियगोचर वस्तू आणि रूपे यांच्या मधली जागा दिली, असे तो नोंदवतो. म्हणजे फळ्यावरच्या वर्तुळावरून थेट रूपापर्यंत उडी मारण्याची मुभा प्लेटोनेही दिलेली नव्हती.

सगळे दुखणे त्या "अर्थातच"मध्ये आहे. मोठ्या वस्तू मोठेपणाच्या रूपामुळे मोठ्या असतील आणि ते रूप स्वतःही मोठे असेल, तर त्या वस्तू आणि ते रूप या सर्वांना मिळून आणखी एक रूप लागते, मग त्याच्याही वर एक, आणि याला शेवट नाही. यालाच पुढे 'तिसरा मनुष्य' हे नाव पडले. आपल्याकडच्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हा न संपणाऱ्या साखळीचा अनवस्थादोष चांगलाच परिचयाचा होता. जाती, म्हणजे अनेक वस्तूंत समान असलेला 'गायपणा'सारखा धर्म, खरोखर असते असे मानणाऱ्या नैयायिक उदयनाचार्यांनीही जातीला पुन्हा जाती मानण्याची वाट बंद केली.

रूप अनेक वस्तूंत एकाच वेळी कसे असते, हा दुसरा पेच. सॉक्रेटीस म्हणतो, एकच दिवस जसा अनेक ठिकाणी असतो तसे. पार्मेनिडीझ लगेच दिवसाच्या जागी अनेक माणसांवर पसरलेले शीड ठेवतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला शिडाचा तुकडाच येतो, हे त्याच्याकडून कबूल करून घेतो. माझ्या मते दिवसाचा दृष्टांत अधिक चांगला होता आणि सॉक्रेटीसने तो फार लवकर सोडला. केस, चिखल आणि मळ यांनाही रूपे आहेत का, या प्रश्नावर तो गडबडतो, ते मला अधिक प्रामाणिक वाटते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. एवढे आक्षेप घेऊनही पार्मेनिडीझच शेवटी बजावतो की रूपे मुळीच नाहीत असे म्हटले, तर विचाराला टेकायला जागा उरत नाही. त्यामुळे "खोडून काढला" हा शब्द मला मान्य नाही. शिवाय रूप स्वतःलाच लागू पडते असे प्लेटो शब्दशः मानत होता का, यावर प्लेटोचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्टोस यांच्या १९५४ च्या लेखापासून अभ्यासकांत वाद चालू आहे. तेव्हा माझा आक्षेप सरांच्या प्लेटोला नक्की लागतो, खऱ्या प्लेटोला लागेलच असे नाही.

तुम्ही प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधल्या गुहेच्या दृष्टांतावरच थांबू नका, 'पार्मेनिडीझ'चा पहिला भाग वाचा. आणि तुमच्याही वर्गात कोणी फळ्यावर वर्तुळ काढून हा सिद्धांत शिकवू लागले, तर त्यांना शेजारी तेवढेच दुसरे वर्तुळ काढायला सांगा.