गाडीचे २५ हजार थांबतील, पॉलिसीचा लाख थांबणार नाही

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर असलेल्या एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. पाडव्याला गाडी बुक केली, २५ हजार भरले, अक्षय्य तृतीयेला डिलिव्हरी ठरलेली, पहिली फेरी जोतिबाला म्हणून पाहुण्यांना सांगूनसुद्धा झालेलं. आता शोरूमवाले म्हणतात ते व्हेरिएंट कंपनीनं बंद केलं, वरचं घ्या, १ लाख ३० हजार जास्त पडतील, नको असेल तर बुकिंग कॅन्सल, तेही ३ हजार कापून. विचारलंय की जुन्याच किमतीत गाडी द्यायला लावता येईल का आणि मानसिक त्रासाचे २ लाख मिळतील का.

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय. लोन पास व्हायला लागते म्हणून वर्षाला १ लाखाची पॉलिसी केली होती, पण गाडीच कॅन्सल झाली म्हणजे ती आपोआप रद्द होईल असं शोरूममधल्या फायनान्सवाल्या पोरानं सांगितलंय, बाँड (म्हणजे पॉलिसीचा कागद) ईमेलवर येऊन ३ आठवडे झाले.

दादा, आपोआप काही होत नाही. गाडीचं राहू दे बाजूला, आधी हे वाचा.

गाडीचं बुकिंग शोरूमशी आहे, लोन बँकेशी आहे आणि पॉलिसी विमा कंपनीशी आहे. तीन वेगवेगळे व्यवहार, एक मोडला म्हणून दुसरा मोडत नाही. शोरूमनं ऑर्डर कॅन्सल केली हे विमा कंपनीला कळणारसुद्धा नाही, पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुमच्या खात्यातून परत लाख रुपये जातील कारण ऑटो डेबिटच्या फॉर्मवर तुमची सही आहे. आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत, कारण काहीही असो, ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात, आणि ईमेलवर बाँड आला तो दिवसही 'हातात आली' असाच धरतात. तुमचे २१ दिवस गेलेत, राहिले ९. त्या पोरानं आपोआपची थाप मारून तुम्हाला गप्प बसवलंय ते याच्यासाठीच, ३० दिवस उलटले की त्याचं कमिशन पक्कं. मला याचा भयंकर राग येतो, कारण गाडी घ्यायला आलेला माणूस आनंदात असतो, दहा कागदांवर सह्या करतो आणि अकरावा कागद पॉलिसीचा असतो. पॉलिसी घेतली तरच लोन, ही अट घालणंच ग्राहक कायद्यात बसत नाही.

तुम्ही लिहिलंय की विमा कंपनीचा खात्री करायला फोन आला तेव्हा पोरगं शेजारीच उभं होतं आणि 'सगळ्याला हो म्हणा' म्हणत होतं. त्या फोनवर विचारतात की ही पॉलिसी लोनसाठी सक्तीची आहे असं कुणी सांगितलंय का, आणि तुमचं उत्तर आता रेकॉर्डवर आहे. उद्या 'फसवून विकली' असं भांडायला गेलात तर तेच रेकॉर्ड तुमच्यासमोर वाजवतील. फ्री लुकमध्ये हे भांडणच लागत नाही, म्हणून मुदतीतच कंडका पाडा.

पॉलिसी चांगली असेल तर ठेवू का, हा विचार मनात येईल म्हणून हिशोब सांगतो. १२ वर्षं लाख-लाख भरायचे आणि २० वर्षांनी २६ लाख. तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोन रकाने आहेत, ४ टक्क्यांचा आणि ८ टक्क्यांचा, आणि पोरानं पेनानं गोल केलाय तो ८ च्या रकान्यातल्या आकड्याला. ते ८ टक्के म्हणजे तुमचा परतावा नाही, कंपनीच्या फंडाला एवढे मिळाले तर असं धरून मांडलेला अंदाज आहे. तो खरा ठरला तरी तुमच्या पैशावर पडतात सव्वापाच टक्के. हेच लाख पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले तर ३३ लाखांच्या आसपास होतात. आणि विमा किती, तर १२ लाख! घराचं कर्जच १४ लाख शिल्लक आहे. तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन (नुसता विमा, शेवटी पैसे परत नाहीत) वर्षाला साधारण १५-२० हजारांत बसतो, तो घ्या.

शिवाय झेपणार कसं? घराचा हप्ता ११ हजार, गाडीचे साडेसात लाख ७ वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी म्हणजे सव्वाबारा हजार, पॉलिसीचे महिन्याला ८ हजार ३००. हातात येणाऱ्या ५४ हजारांतले साडेएकतीस इथंच संपले, पोरांच्या फिया अजून पुढंच आहेत.

तर उद्या ड्युटीला जायच्या आधी विमा कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, पॉलिसी नंबर, 'फ्री लुकमध्ये रद्द करायची आहे' एवढंच वाक्य आणि कॅन्सल चेकचा फोटो. मग त्यांच्या शाखेत जाऊन तोच अर्ज द्या आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. त्या पोराच्या हातात कागद देऊ नका, तो ९ दिवस खिशात घेऊन फिरेल. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळे परत येतात, अर्ज पोचल्यापासून ७ दिवसांत यायला पाहिजेत. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवर तक्रार, तिथंही नाही झालं तर पुण्याचे विमा लोकपाल, तिथं फी नाही. बँकेत जाऊन ऑटो डेबिटही बंद करून या.

लोन नुसतं मंजूर झालंय, पैसे शोरूमला गेले नाहीत ना हे बँकेकडून लेखी घ्या. पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासूनच व्याज लावायचं असं आरबीआयनं एप्रिल २०२४ मध्ये बजावलंय.

आता गाडी. जुन्या किमतीत द्यायला लावणं अवघड आहे, बुकिंग फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं बहुतेक छापलेलं असतं, बघा. पण व्हेरिएंट खरंच बंद झालंय का हे गाडीच्या कंपनीला बुकिंग नंबर टाकून लेखी विचारा, सांगली-साताऱ्याच्या डीलरला फोन करा. तिथं मिळत असेल तर शोरूम खोटं बोललं, आणि तोच तुमचा पुरावा. ऑर्डर त्यांनी मोडलीय, मग ३ हजार तुमचे का कापायचे? पूर्ण २५ हजार मागा, लेखी, १५ दिवसांची मुदत देऊन. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार, मग कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात केस, वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, केस ऑनलाइन दाखल करता येते आणि त्याला मुदत २ वर्षांची आहे. २ लाखांची भरपाई मात्र डोक्यातून काढा, २५ हजारांच्या बुकिंगला कुणी एवढी देत नाही, पूर्ण पैसे व्याजासकट आणि वर खर्चाचे काही हजार मिळाले तरी चांगलं झालं म्हणायचं.

एक विसरू नका, 'अ‍ॅक्सेसरीज'चे १० हजार तुम्ही सेल्समनच्या स्वतःच्या नंबरवर पाठवलेत. शोरूमच्या पावतीत ते नाहीत. त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या की कशाचे घेतले, आजच, तो अजून तुमचे फोन उचलतोय तोवर.

आणि वरचं व्हेरिएंट नको. ते १ लाख ३० हजार लोनमध्ये टाकले तर हप्ता २ हजार १०० नी वाढतो आणि ७ वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर जातात, सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसाठी. सांगलीत साधं मिळालं तर तिथून घ्या, नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबा.