व्हॉट्सॲपवर ‘सुयांची बॉडी’ म्हणाले, आता काय करू?

प्रश्न : वकीलसाहेब, मी वसमतचा, वय 27. दिवसा मोंढ्यात हळदीच्या आडतीवर असतो, संध्याकाळी जिममध्ये पोरांना शिकवतो. नांदेडच्या ‘नॅचरल’, म्हणजे स्टेरॉइड न घेणाऱ्यांच्या, शरीरसौष्ठव स्पर्धेत माझ्या गटात पहिला आलो. दुसऱ्या जिमच्या कोचने दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलं, ‘याचा एफएफएमआय 26.4 आहे. औषधाशिवाय 25 च्या वर कुणी जात नसतं. सुयांची बॉडी.’ म्हणजे उंचीच्या मानानं माझ्या अंगावर स्नायू जास्त, ते स्टेरॉइडची इंजेक्शनं घेऊन कमावले, असं त्याचं म्हणणं. माझी चार पोरं जिम सोडून गेली. आयोजक म्हणतात, खुलासा द्या नाहीतर ट्रॉफी परत करा. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. सोबत माझी उंची आणि स्पर्धेच्या वजनाची चिठ्ठी पाठवतोय.

उत्तर : पोलिसांवर रागावू नका. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालचा गुन्हा, पण अदखलपात्र, म्हणजे पोलीस त्यात परस्पर तपास करू शकत नाहीत. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागते, मुदत तीन वर्षं. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला मात्र मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष मिळतं. फौजदारीच्या तारखा करता करता हे वर्ष हातचं गेलेले पक्षकार मी बरेच पाहिलेत.

आता त्या 26.4 कडे येऊ, कारण तुमची केस तिथंच आहे. एफएफएमआय म्हणजे चरबी वगळून उरलेलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तुमची उंची 165 सेंटिमीटर, म्हणजे भाजक 2.72. कोचने 78 किलो वजन धरलंय. ते तुम्ही स्वतःच जुन्या फोटोखाली लिहिलेलं, स्पर्धेच्या कितीतरी आधीचं, अंगावर चरबी असतानाचं. चरबी मात्र धरली 8 टक्के, तीही स्टेजवरचा फोटो पाहून नजरेनं. वजन एका दिवसाचं, चरबी दुसऱ्या दिवसाची! चिठ्ठीवरचे 70 किलो आणि तेच 8 टक्के घेतले तर उत्तर 23.7 येतं. बुटक्या माणसाच्या आकड्यात उंचीसाठी थोडी भर घालतात, ती धरली तरी साधारण 24.6.

आणि 25 ही काही कायद्याची रेघ नाही. ती आली 1995 च्या एका अमेरिकन अभ्यासातून. 157 खेळाडू तपासले, त्यात स्टेरॉइड न घेणारे 74, आणि त्यांची वरची मर्यादा 25 च्या आसपास दिसली. त्याच अभ्यासात 1939 ते 1959 मधल्या वीस ‘मिस्टर अमेरिका’ विजेत्यांचा अंदाजही आहे. स्टेरॉइडचं पेव फुटायच्या आधीची ही माणसं, आणि त्यांची सरासरी 25.4! सरासरीच एवढी, म्हणजे काही जण त्याच्याही वर असणार. समोरचा वकील म्हणेल की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन, 1935 लाच प्रयोगशाळेत बनलं होतं, तेव्हा त्यांनीही ते घेतलं असेल. म्हणू द्या. शरीराला मर्यादा नाही असं मात्र तुम्ही कोर्टात म्हणू नका. मर्यादा आहे, आणि हाडांची ठेवण, हार्मोन यांच्यामुळे ती माणसागणिक वेगळी असते. एवढ्या आकड्यावर शंका घेता येते, ‘सुया घेतो’ असं ठामपणे लिहिता येत नाही.

एक प्रश्न मी तुम्हाला समोर बसवून, दार लावून विचारला असता. खरंच कधीच काही घेतलं नाही? दिवाणी दाव्यात ‘मजकूर खरा होता’ एवढा बचाव पुरतो. फौजदारीत सत्याला सार्वजनिक हिताचीही जोड दाखवावी लागते, ती सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. पण उलटतपासणीत तुमची जुनी बिलं, मेडिकलवाला, जिममधले दोस्त, सगळे निघतील. सुट्या डब्यातली, लेबल नसलेली पावडर घेत असाल तर आजच बंद करा आणि डबा फेकू नका, पुरावा म्हणून लागू शकतो.

चाचणी करून घेऊ का, असं पुढं विचाराल. करा, पण आजची लघवी स्वच्छ निघाली म्हणून स्पर्धेच्या दिवशीही तसंच होतं, हे सिद्ध होत नाही. तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

ग्रुपमधून बाहेर पडू नका, तिथं उत्तरही देऊ नका. एका शिवीनं तुमची बाजू निम्मी होते. चॅट एक्स्पोर्ट करा, स्क्रीनशॉटवर तारीख आणि नंबर दिसू द्या, फोन विकू नका. हे चॅट कोर्टात पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्याचा मसुदा वकील तयार करून देतील. सोडून गेलेल्या चार पोरांपैकी एकानं जरी ‘तो मेसेज वाचून सोडलं’ असं लिहून दिलं तर नुकसान दाखवता येईल. ॲडमिनला ओढू नका. सभासदाच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार नाही, असं नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय.

पहिलं पाऊल नोटीस. पंधरा दिवसांत त्याच ग्रुपवर माफी आणि मजकूर मागे, एवढंच मागा. निम्मी प्रकरणं इथंच मिटतात, आणि तुम्हाला पुढच्या वर्षी त्याच कोचसमोर स्टेजवर उभं राहायचंय.

आयोजकांना आज स्पीड पोस्टानं एक कागद पाठवा : स्पर्धेच्या कोणत्या नियमाखाली ट्रॉफी परत मागता, त्या नियमाची प्रत द्या, आणि त्या दिवशी कुणाची चाचणी घेतली होती ते कळवा. उत्तर येईपर्यंत ट्रॉफी घरातच राहू द्या.